इस्त्रीची साडी

अक्का,

तुझ्या पिंडाला कावळा लगेच शिवला, याचा मला सगळ्यात जास्त राग आला आहे.

नीरेच्या काठावर भटजींनी पान मांडून हात मागे घेतला न घेतला, तोच वरच्या बाभळीवरून एक कावळा उतरला आणि भाताला चोच मारून मोकळा झाला. एरवी लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागतं. हात जोडून वचनं द्यावी लागतात, धाकट्याचं लग्न करू, बांधाचं भांडण मिटवू, काय काय. मी त्याच भरवशावर होते. मला वाटलं होतं, तुझा जीव अडकलाय, कावळा काही येत नाही. सगळ्यांची वचनं देऊन संपली की मी पुढे होणार होते आणि चारचौघांत सांगणार होते, हिला खरं काय पाहिजे होतं ते. त्या मेल्या कावळ्याने माझी संधीच घालवली. बायका म्हणाल्या, बघा, कशी तृप्त गेली. भाऊजींनी, तुझ्या नवऱ्याने, आभाळाकडे बघून हात जोडले. मी दगड शोधत होते.

आयुष्यभर मी तुला 'अवो अक्का' म्हणत आले. थोरल्या जावेला अगंतुगं करायची सांगवीत पद्धत नाही. आज करते आहे. गेलेल्या माणसाला तू म्हणतात म्हणून नव्हे, मी चिडले आहे म्हणून.

मग भाषणं झाली. दहाव्याला भाषण झाल्याशिवाय आपल्याकडे माणूस गेलेला धरत नाहीत. तालुक्याच्या राजकारणातले एक पाहुणे, ज्यांनी तुला उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं, माइक धरून म्हणाले की या माउलीने कधी कशाची हाव धरली नाही. पोराने बोटीचं तिकीट काढलं, तरी मुक्या जनावरासाठी ही घरी राहिली. शिवाय तिला पाण्याची भीती. हे त्यांच्या कानात भाऊजींनीच घातलं असणार. सगळ्यांच्या माना डोलल्या. कुणी कुणी डोळ्याला पदर लावला. माझे हात शिवशिवत होते, पण प्राजूने माझं मनगट घट्ट धरलं होतं. माझी पोरगी आईला चांगली ओळखते.

पाण्याची भीती म्हणे. तुझं माहेर इंदापूरकडचं, उजनीच्या पाण्याला लागून. तुझ्या वडिलांच्या म्हशी त्या पाण्यात डुंबायच्या आणि तू त्यांच्या पाठीवर बसलेली असायचीस. शाळेला होडीतून जायचीस. मला पोहता येत नाही म्हणून मला हसायचीस. पाण्याला भिणारी बाई दुसरी कुणीतरी असेल.

आणि हाव? होती की तुला. मी साक्षीला आहे.

गेल्या वर्षीचा नाताळ. तुझ्या अमितच्या पुण्यातल्या कंपनीला नाताळात सुट्टी असते. मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणारं मोठं जहाज असतं, त्याची तिकिटं त्याने सगळ्या घरादाराची काढायची ठरवली. आता आपल्याकडे नाताळ म्हणजे ऐन ऊसतोडीचा हंगाम. कारखान्याची टोळी कधी फडात उतरेल ते सांगता येत नाही, म्हणून त्या दिवसांत पुरुष घर सोडत नाहीत. भाऊजी पहिल्याच दिवशी म्हणाले, बोटीत बसून मी काय करू, मी न्हाय येत. आमचे हेही थांबतो म्हणाले. राहिलो तू, मी, प्राजू, अमित, त्याची बायको आणि तुझा नातू. तू नुसतं 'बघू' म्हणालीस. दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता मला हळूच विचारलंस, नलू, तितं बोटीवर बायका गाऊन घालत असतील ना गं?

त्या रविवारी एमआयडीसीतल्या माझ्या कंपनीला सुट्टी होती. तुला स्कूटीवर मागे बसवलं आणि बारामतीला नेलं. दुकानात तू चांगल्या चांगल्या गाऊनना बाजूला सारत गेलीस आणि मोठ्ठ्या पिवळ्या फुलांचा एक उचललास. मी म्हणाले, अक्का, हा लांबून दिसेल. तू म्हणालीस, दिसू दे. घरात तू कधी गाऊन घातला नव्हतास. सासूबाई होत्या तोवर त्यांच्यामुळे, नंतर भाऊजींमुळे. आजारपणातसुद्धा साडी. तापाने फणफणलेली असायचीस आणि निऱ्या काढत बसायचीस, ते बघून मला तेव्हाही राग यायचा.

परतीच्या वाटेवर तू माझ्या कानाशी तोंड आणून बोलत होतीस. आजवर मी हे कुणाला सांगितलं नाही.

"गाऊन घालून आख्खा दिस खुर्चीत बसनार हाय मी. नुस्तं पानी बघत. कुनी हाक मारली तरी व्हय म्हननार न्हाय."

मी चेष्टेने म्हणाले, आणि भाऊजींनी हाक मारली तर?

"ते कुठं येत्यात," म्हणालीस आणि अशी हसलीस की स्कूटी हलली.

हीच ती हाव. समुद्र नको होता, गोवा नको होता, जहाजावरचं पंचपक्वान्न नको होतं. एक खुर्ची पाहिजे होती आणि हाक न ऐकण्याची मुभा. ही त्या माइकवाल्या पाहुण्यांना कशी कळावी.

तुझ्याबरोबर भाऊजी असले की काय होतं, ते आपण सगळे कोल्हापूरला जाऊन आलो तेव्हा मी पाहिलं होतं. अगं, माझी गोळी. अगं, माझा टॉवेल. अगं, इथला चहा पांचट आहे, तू जरा आत जाऊन सांग. बाकीचे सगळे जण डोंगर चढून देवदर्शनाला गेले आणि तू खाली गाडीपाशी बसलीस, कारण त्यांचा गुडघा दुखत होता. ते वाईट माणूस नाहीत. कधी हात उगारला नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, हे तू मला शंभरदा सांगितलंस. म्हणजे आपण किती खाली वाकून मोजायचं, अक्का?

राहता राहिली होती भुरी. दावणीच्या गायींचं दूध यंत्रावर निघतं, त्यांना माणूस कोण आहे याचं सोयरसुतक नाही. पण भुरी तुझ्या वडिलांनी दिलेल्या म्हशीच्या वंशातली, आणि तिला तुझ्याशिवाय कुणाचा हात चालायचा नाही. त्यात तिचं रेडकू नुकतंच मेलेलं. त्यावर उपायही तूच सांगितलास, त्याच दिवशी, स्कूटीवर. तुझी आई बाळंत झाली तेव्हा तुझे वडील तिचं लुगडं गुंडाळून धार काढायला बसायचे. मिशीवाला माणूस, डोक्यावर पदर. सगळी वस्ती बघायला यायची. "पन लुगडं अंगावरनं उतारलेलं पायजे," तू म्हणालीस. "धुतलेल्याला वास न्हाय. म्हस वासावर आसती." मी म्हणाले, मग झालं तर, आमच्या ह्यांना नेसवू. हे काय, गमतीला कधीही तयार.

सगळं ठरलं. अमितने तिकिटं काढली. तुझी पिशवी भरून झाली होती, गाऊन तळाशी, वर साड्या, म्हणजे कुणाला दिसायला नको.

आणि निघायच्या आठवड्यात भाऊजी जेवता जेवता म्हणाले, आपली तोड लांबली, मी बी येतो. अमितला फोन लाव.

तू त्यांच्या ताटात भाकरी वाढत होतीस. मी तुझ्याकडे पाहिलं, तू भाकरीकडे पाहत होतीस.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या पाळीला गेले होते. दुपारी घरी आले तर ह्यांच्या नडगीला हळद लावलेली. सराव म्हणून सकाळी साडी नेसून भुरीखाली बसले आणि तिने लाथ घातली, चरवी उडाली, साडी शेणात. घरातले सगळे हसून हसून लोळत होते. तू मात्र ओट्याशी उभी राहून म्हणालीस, न्हाय जमायचं, तुमी जावा, मी हाय हितं. भाऊजी म्हणाले, तसं तिला काय कळनार हाय बोटीतलं. आणि तुझं तिकीट रद्द झालं.

जहाज कसं होतं ते तू मला नीट सांगू दिलं नाहीस, म्हणून आता ऐक. ते जहाज नव्हतंच, तरंगती बाजारपेठ होती. ठिकठिकाणी नाताळची झाडं, दिवे, लाल टोप्या घातलेली माणसं. एका पोराने भाऊजींच्या गांधी टोपीवरच लाल टोपी चढवली आणि अमितने फोटो काढला. तो फोटो अजून घरच्या ग्रुपवर आहे. सगळ्यात वरच्या मजल्यावर खुर्च्या होत्या, अक्का. लांब, पाय पसरायच्या. ओळीने. बायका खरंच गाऊन घालून पडल्या होत्या, तुझ्यापेक्षा म्हाताऱ्या, तुझ्यापेक्षा जाड, आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.

भाऊजींना तिथे भाकरी मिळेना. गरम पाण्याचा नळ कळेना. गोळ्यांचा डबा पिशवीत कुठे असतो तेच त्यांना ठाऊक नव्हतं. आणि ते दिवसातून कितीतरी वेळा, सवयीनेच, 'अगं' अशी हाक मारायचे. मग आमच्या लक्षात यायचं की ही हाक कुणालाच नाही. पहिल्या दिवशी प्राजू हसली. नंतर कुणी हसलं नाही. दर हाकेला माझ्या मनात येत होतं, अक्का आता गोठ्यात असेल, भुरीशी बोलत असेल, आणि घरात एकदाही 'अगं' ऐकू येत नसेल. तेवढं समाधान मी करून घेतलं.

संध्याकाळी तुला व्हिडिओ लावला. समुद्र दाखवला, सूर्य बुडत होता. तू फोन डोळ्याला लावल्यासारखा जवळ धरलास. मला नुसता तुझा एक डोळा दिसत होता. तू म्हणालीस, उजनीवानीच हाय की. आणि मग म्हणालीस, फोन फिरीव, खुर्च्या दाव. मी खुर्च्या दाखवल्या. तू बराच वेळ बघितल्यास. मग भाऊजींनी फोन घेतला आणि गोळ्या कुठे ठेवल्यास ते विचारलं.

घरी आल्यावर मी तुझ्याशी भांडले. आठवतं ना? मी म्हणाले, एक म्हैस महिनाभर आटली असती तर जगबुडी आली नसती. तू म्हणालीस, मुकं जनावर हाय. मी म्हणाले, तुम्ही पण. तू उठून गेलीस. ते भांडण आपण पुढे कधी संपवलंच नाही. मी दोनदा विषय काढला, तू दोन्हीदा म्हणालीस, म्हशीकडं कोन बघनार हुतं. मी तुझ्या या एका वाक्यावर वर्षभर विश्वास ठेवला.

तू घाबरट असतीस तर मी समजू शकले असते. पण तू घाबरट नव्हतीस. प्राजू अंगावर पीत होती तेव्हा मला कंपनीत नोकरी लागली. भाऊजी म्हणाले, आपल्या घरातल्या बाया कामाला जात न्हाईत. तू सासूबाईंच्या समोर, आमच्या ह्यांच्या समोर, भर ओसरीत म्हणालीस, "नलू जाईल. पोरीला मी बघते. कुनाला काय तरास हुनार हाय त्ये मला सांगा." आज मी लाइनवर चाळीस बायकांना सांभाळते, स्वतःच्या गाडीवर जाते, ते तुझ्या त्या एका वाक्यावर. प्राजूची पहिली पावलं तू पाहिलीस, मी पाहिली नाहीत, आणि तू मला कधी ते बोलून दाखवलं नाहीस. याचे आभार कसे मानायचे असतात ते मला येत नाही. आपल्यात आभार मानायची रीतच नाही. पण म्हणूनच जास्त चीड येते. माझ्यासाठी ओसरीत उभी राहणारी बाई स्वतःसाठी तोंडातून शब्द काढत नाही. तुझ्या घरात तूच तेवढी परकी होतीस का?

दिवाळी झाली. फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. सकाळची धार काढून आलीस, चरवी ओट्यावर ठेवलीस, पायरीवर टेकलीस आणि मला म्हणालीस, जरा बसते गं. मग बसलीसच. मी हाक मारली, भाऊजींनी हाक मारली, तू व्हय म्हणाली नाहीस.

तुझं कपाट आवरायला भावकीतल्या बायका आल्या. साड्या वाटल्या. पिशवी निघाली, तशीच भरलेली, आणि तळाशी तो पिवळ्या फुलांचा गाऊन, दुकानाची चिठ्ठी न काढलेला. एक जण म्हणाली, अगं बाई, हा कुणाचा? मी म्हणाले, माझा आहे, आणि काखेत मारून निघून आले. तुझं हसू झालेलं मला चाललं नसतं.

आता जे सांगायचं आहे ते परवाचं.

तू गेल्यापासून भुरी कुणाला हात लावू देत नव्हती. यंदाचं रेडकू पिऊन पिऊन किती पिणार. कास दगडासारखी झाली, ती रात्रंदिवस हंबरायला लागली. हे जवळ गेले तरी पाय उचलायची. परवा सकाळी मी चहा घेऊन गोठ्यात गेले तर भाऊजी खुंटीपाशी उभे. खुंटीवर तुझी धारेची साडी तशीच होती, ती जांभळी, काठ विटलेली, शेणामुताच्या वासाची. घरातल्या साड्या वाटताना गोठ्यातल्या खुंटीकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. भाऊजींनी ती काढली. धोतरावरूनच गुंडाळली. पदर डोक्यावर घेताना त्यांना जमेना, दोनदा घसरला. मी पुढे झाले नाही. मग ते भुरीखाली बसले.

भुरीने मान वळवली. साडी हुंगली. आणि पान्हा सोडला, अक्का. तुला सोडायची तसा. चरवीत धार वाजायला लागली.

हे दारात येऊन उभे राहिले होते. बघतच राहिले. "आयला," म्हणाले, "मग मागं मला का लाथ घातली हिनं? मी बी वैनीचीच साडी गुंडाळली हुती की. त्या म्हनल्या, गोठ्यातली घान हाय, तुमास्नी कशी दिऊ. चांगली ट्रंकेतली दिली हुती. इस्त्रीची."

भाऊजींचे हात थांबले.

मलाही ते त्याच क्षणी कळलं. स्कूटीवर माझ्या कानाशी बोललेलं तुझं वाक्य न्‌ वाक्य आठवलं. धुतलेल्याला वास न्हाय. तुला माहीत होतं. तू स्वतःच्या हाताने ट्रंक उघडलीस, घडी घातलेली साडी काढलीस, दिराच्या हातात दिलीस आणि ओट्याशी जाऊन लाथ बसायची वाट बघत उभी राहिलीस. सगळे हसत होते तेव्हा तू का हसत नव्हतीस, ते मला परवा कळलं. आणि इतका संताप आला म्हणून सांगू. मला सांगायचं होतंस. नुसतं एवढंच म्हणायचं होतंस की नलू, ह्यांना थांबव. मी थांबवलं असतं. काहीही खोटं सांगितलं असतं, टोळी येते म्हणाले असते, जहाजात जागा नाही म्हणाले असते. वर्षभर मी त्या म्हशीला शिव्या घातल्या आणि तू शेजारी बसून ऐकत होतीस.

भाऊजी आयुष्यभर माझ्याशी थेट बोलले नाहीत. धाकट्या भावाच्या बायकोशी बोलायचं म्हणजे भिंतीकडे बघून बोलायचं. परवा त्यांनी डोक्यावर तुझा पदर असताना माझ्याकडे सरळ पाहिलं. जनावरांत जन्म गेलाय त्यांचा, त्यांना काही समजावून सांगावं लागलं नाही.

"तिला ठावं हुतं," ते म्हणाले. "धुतलेलं भुरीला चालत न्हाय, ह्ये तिला ठावं हुतं."

मी हो म्हणाले.

"मग तिला बोटीवर यायचंच न्हवतं का?"

मी हो म्हणू शकत होते. पाण्याची भीती आहे म्हणून सांगू शकत होते, दहाव्याला सगळ्यांनी ऐकलंच होतं. म्हाताऱ्या माणसाचं दुःख ताजं आहे, हेही मला दिसत होतं. पण तू गेल्यापासून जो तो तुझ्याबद्दल खोटंच बोलतो आहे, आणि त्यात माझं एक खोटं मी घालणार नव्हते.

"यायचं हुतं," मी म्हणाले. "तुमच्यासंगं यायचं न्हवतं."

ह्यांनी मला दटावलं. भाऊजींनी हात वर करून त्यांना गप्प केलं. मग खाली मान घालून पुन्हा कासेला हात लावला. धार वाजत राहिली, चरवी भरत आली, पदर घसरला तो त्यांनी एका हाताने पुन्हा डोक्यावर घेतला. रडत होते की नाही ते मी पाहिलं नाही, मला पाहायचंही नव्हतं.

चरवी बाजूला ठेवून ते उठले. साडी सोडली, घडी न घालता खुंटीवर टाकली. आणि नेहमीसारखं भिंतीकडे बघून बोलले.

"ही कुनी धुवायची न्हाय. अन् अमितला म्हनावं, वरीसश्राद्ध झालं की नाताळात समद्यांनी बोटीवर जावा. मी न्हाय येत. मी थांबतो हितं, भुरीपाशी."

आता थांबतायत, अक्का. आता.